हंसाबेनची भिंत, माझा दावा

मी स्वभावाने अजिबात भांडखोर नाही, हे मी कोर्टात शपथेवर लिहून दिलेलं आहे. प्रतिज्ञापत्र तयार होत असताना आमचे सावे वकील म्हणाले, "मॅडम, ह्या वाक्याची काही गरज नाही." मी म्हटलं, "गरज आहे!" ते म्हणाले, "अहो, कायद्याच्या दृष्टीने..." मी म्हटलं, "कायद्याची दृष्टी तुम्ही सांभाळा, वाक्य मला हवंय!" ह्यावरून आमची अर्धा तास जुंपली आणि मी शांत स्वभावाची आहे हे वाक्य त्यांना शेवटी घालावंच लागलं.

प्रकरण होतं एका भिंतीचं. भिंत आमची, पण आमच्या घरातली नव्हे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तीसेक वर्षांपूर्वी गिरगावातली खोली विकून मीरा रोडला पूनम सागरमध्ये शेजारी शेजारी दोन छोटे फ्लॅट घेतले. तेव्हा इथे मिठागरं, चिखल आणि डास एवढंच होतं. (मिठागरं आणि चिखल गेले.) एका फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो. दुसरा काही वर्षं रिकामा ठेवून अण्णांनी किशोरभाई आणि हंसाबेन ह्या जोडप्याला भाड्याने दिला. करारबिरार काही नाही. "माणसं सज्जन दिसतात," अण्णा म्हणाले, आणि झाला व्यवहार! किशोरभाई सकाळी भाईंदरच्या आपल्या कापडाच्या दुकानात जातात ते दिवेलागणीला येतात, त्यामुळे माझा सगळा संबंध आला तो हंसाबेनशी.

आणि संबंध तरी कसा! चोवीस वर्षं आमच्या दोन दारांमधून वाट्या नुसत्या येत-जात होत्या. कुठली वाटी कोणाची हे आता दोघींनाही सांगता येणार नाही. मंदारला, म्हणजे माझ्या मुलाला, डेंग्यू झाला तेव्हा पपईच्या पानांचा रस घेऊन आठ दिवस हीच बाई दारात उभी. अण्णा गेले तेव्हा माझ्याआधी हिनेच हंबरडा फोडला. (माझा जरा मागे पडला, नातेवाइकांच्या ते लक्षातही आलं.) अशा बाईवर मी दावा लावला. का लावला, ते सांगते.

मंदारचं लग्न ठरत होतं. मुलगी केतकी, गोड आणि हुशार. बोरिवलीला त्यांच्या घरी बैठक चालू होती. सगळं जमत आलं होतं, आणि तिच्या आईने अगदी सहज विचारलं, "मग दोघं राहणार कुठे?"

प्रश्न रास्त होता. आमच्या घरात एक बेडरूम, ती आमची. मंदार हॉलमधल्या दिवाणावर झोपतो आणि त्याचे पाय चपलांच्या स्टँडवर असतात. पण हे तिथे सांगायचं कसं? समोर काजूकतली, शेजारी तिची मावशी, मावशीच्या हातात हिऱ्याची अंगठी! माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, शेजारचा फ्लॅट आमचाच आहे ना! लग्नापर्यंत रिकामा होतोय."

आमच्या ह्यांना चहाचा ठसका लागला. मी हसत हसत त्यांची पाठ जरा जोरातच थोपटली.

घरी येताना हे म्हणाले, "अगं, हंसाबेनला विचारलंस का?"

"विचारेन की! चोवीस वर्षांचे संबंध आहेत. मला नाही म्हणणार आहे ती?"

दुसऱ्या दिवशी मी विचारायला गेले. तिने हांडवो पुढे केला. आता ज्या बाईचा हांडवो तोंडात आहे तिला घर सोड कसं सांगायचं? खाऊन परत आले. आठ दिवसांनी पुन्हा गेले, तर तिचे गुडघे दुखत होते. मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळून परत आले. असे दोन महिने गेले. केतकीच्या आईचा दर रविवारी फोन यायचा, "झाला का हो रिकामा?" आणि मी म्हणायची, "होतोच आहे!" माझा शब्द जाणार, मुलाचं लग्न मोडणार, आणि मावशी ती अंगठी नाचवत सगळ्या बोरिवलीला सांगणार, ह्या विचाराने मला अन्न गोड लागेना. (हांडवो सोडून.)

आणि एका दुपारी पलीकडून आवाज आला. धाड्! धाड्! धाड्! आमच्या भिंतीवरचे अण्णा फोटोसकट थरथरले. मी धावत गेले. बघते तर हंसाबेनच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत गायब! खाली विटांचा ढीग, ढिगाजवळ नामदेव मिस्त्री घाम पुसतोय, आणि डोक्याला ओढणी गुंडाळलेली हंसाबेन धुळीतून माझ्याकडे बघून हसतेय.

"आवो सुलभाबेन! बघा ने, ओपन किचन! आता रोटली वणता वणता टीव्ही दिसते!"

"छान दिसतंय," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. पण घरी येऊन दार लावलं, आणि चोवीस वर्षं शेजारीण असलेली मी पहिल्यांदा मालकीण झाले. आमची भिंत! न विचारता! मग हळूच दुसरा विचार आला. तो सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, बरं झालं! आता तोंडाने काही सांगायलाच नको, कोर्टच सांगेल.

सावे वकिलांचं ऑफिस भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीवर. गिरणी चालू असली की वकील, अशील आणि कायद्याची पुस्तकं एका सुरात हलतात. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "लेखी परवानगी दिली होती?"

"नाही!"

"तोंडी?"

"मी फक्त 'छान दिसतंय' म्हटलं."

"ते कोणी ऐकलं?"

"हंसाबेनने."

"मग तुम्ही म्हणाला नाहीत," वकील म्हणाले. "मॅडम, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने जागेत कायमचे फेरफार केले. केस एकदम पक्की!"

शेजारी बसलेले आमचे हे हळूच म्हणाले, "अगं, पण ती भिंत अण्णांनी..."

"अण्णांचं नाव काढू नका!" मी कडाडले. "त्यांच्या आत्म्याला काय वाटत असेल!"

"तेच म्हणतोय, की अण्णांनी ती..."

"तुम्ही गप्प बसा हो. वकिलांना बोलू द्या."

हे गप्प बसले. संसाराच्या तेहतीस वर्षांत ह्यांनी माझं हे एकच ऐकलं, आणि नेमकं तेव्हाच ऐकायला नको होतं.

दाव्याबरोबर बिल्डिंगच्या मंजूर नकाशाची नक्कल हवी होती, म्हणजे तिथे भिंत होती हे सिद्ध होईल. मी पालिकेत चार खेपा घालून ती मिळवली. मिळाल्या मिळाल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि लॅमिनेट करून घेतली. आमच्या घरात महत्त्वाचा कागद म्हटलं की तो लॅमिनेट होतो. मंदारची दहावीची मार्कशीट, ह्यांच्या निवृत्तीचं पत्र, गॅसचं कार्ड, सगळं चकचकीत! सावे वकिलांनी तो नकाशा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, ह्याच्यावर आता निशाणीचा शिक्का कुठे मारू?"

"पुसता येतो, बघा! पाणी पडलं तरी काही होत नाही!"

"कोर्टात पाणी कशाला पडेल?" ते म्हणाले, पण नकाशा जोडला. आता खरी गंमत अशी, की तो नकाशा मी हाताळला, वकिलांनी हाताळला, झेरॉक्सवाल्याने तर गरम करून हाताळला. वाचला मात्र एकानेही नाही.

यथावकाश कोर्टाचं समन्स घेऊन माणूस आला, आणि त्याने बेल वाजवली आमची. मी त्याला शेजारचं दार दाखवलं आणि आत येऊन दाराला कान लावून बसले. पाचच मिनिटांत आमची बेल पुन्हा वाजली. दारात हंसाबेन, हातात माझ्याच दाव्याची प्रत!

"सुलभाबेन, हे वाचून द्या ने. मराठी पण किती कठीण लिहिलंय! चष्मा लावून पण कळत नाय."

चोवीस वर्षं तिचे सगळे मराठी कागद मीच वाचून देते. विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, डॉक्टरची चिठ्ठी. नाही कसं म्हणणार? मी वाचू लागले. "सदर प्रतिवादी ही उद्दाम वृत्तीची असून..."

"उद्दाम मतलब?"

"म्हणजे... कोणाला घाबरत नाही अशी."

"अच्छा!" ती खूश झाली. "बराबर लिहिलंय. पुढे?"

"...तिने वादीच्या मालकीच्या भिंतीचा निर्दयपणे विध्वंस केला." ('निर्दयपणे' मीच घालायला लावलं होतं.)

"कोणाची भिंत? ही वादी कोण बाई आहे?"

मी कागदाकडे बघत राहिले. "मी," मी म्हटलं.

"तमे?"

तिने कागद माझ्या हातातून घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि निघून गेली. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली असती तर किती बरं झालं असतं! दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आमचे हे जेवताना दाराकडे बघायचे आणि मग माझ्या भाजीकडे बघायचे. मला भयंकर वाईट वाटत होतं आणि ते कोणाला कळू नये म्हणून मी सगळ्यांवर ओरडत होते.

पहिल्या तारखेला ठाण्याला जायचं होतं. पूनम सागरहून ठाण्याला जायची बस एकच, वेळ एकच, आणि कोर्टही दोघींना एकाच वेळी बोलावणार. मी मागच्या दाराने चढले. बस गच्च भरलेली. खिडकीजवळ हंसाबेन, आणि शेजारच्या सीटवर तिची पिशवी. माझ्याकडे न बघता तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसले. काशिमीरा येईपर्यंत दोघी समोर बघत. घोडबंदर रोडला ट्रॅफिक लागलं, बस जागची हलेना, तेव्हा तिने पिशवीतून डबा काढला. थेपले!

"घ्या," ती म्हणाली. "कोर्टात आपण दुश्मन. बसमध्ये नाय."

पुढचे सहा महिने हे असंच चाललं. वादी आणि प्रतिवादी एका सीटवर थेपले खात ठाण्याला जायच्या, कोर्टाच्या दारात हात पुसून वेगवेगळ्या बाकांवर बसायच्या, पुढची तारीख घ्यायच्या आणि परत एका सीटवर. एकदा तर तिचं तोंड आलं होतं म्हणून मी तिच्यासाठी दहीभात नेला. सावे वकील म्हणाले, "मॅडम, प्रतिवादीला असं भरवू नका, जज बघतायत!"

मग कोर्टाने जागेची पाहणी करायला कमिशनर नेमला. कमिशनर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लाल दिव्याची गाडी आली. मी जिना पुसून घेतला, ठेवणीतली साडी नेसले, सोसायटीच्या वॉचमनला सलाम ठोकायला बजावलं. प्रत्यक्षात बॅग लटकवलेला एक किडकिडीत तरुण वकील रिक्षातून उतरला आणि वॉचमनने त्याला कुरिअरवाला समजून खालीच थांबवून ठेवलं!

इकडे मी साबुदाणावडे तळले होते. तिकडे हंसाबेनने ढोकळा केला होता. दोघींनी एकदमच बश्या पुढे केल्या. कमिशनर दोन पावलं मागे सरकला. "मला कोणत्याच पक्षाकडून काही घेता येणार नाही," तो म्हणाला आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला. मग आमच्या ह्यांनी दोन्ही पक्षांकडून घेतलं.

हंसाबेनच्या हॉलमध्ये सगळे जमलो. मी, हे, सावे वकील, हंसाबेन, तिची तरुण वकीलबाई, आणि भिंत पाडणारा साक्षीदार म्हणून तिने बोलावलेला नामदेव मिस्त्री. हा नामदेव खारी गावचाच, सत्तरीला आलेला. अख्ख्या पूनम सागरमध्ये विटेला वीट लागली की तिथे नामदेव असतो.

सावे वकिलांनी नकाशा दिला. कमिशनरने तो हातात घेतला, वाकवून बघितला, वाकेना. "हा लॅमिनेट कोणी केला?"

"मी!" मी अभिमानाने म्हटलं.

त्यावर ट्यूबलाइट चमकत होती, म्हणून तो नकाशा तिरका करून सगळ्या खोलीत गोल फिरला. मग थांबला. "पाडलेली भिंत नेमकी कुठे होती?"

मी पुढे होऊन जमिनीवरच्या खुणेवर बोट दाखवलं. "इथे! इथपासून इथपर्यंत! चांगली दणकट भिंत होती हो!"

"पण नकाशात इथे भिंतच नाही."

"नीट बघा."

"नीटच बघतोय. नकाशात हा सगळा एकच हॉल आहे आणि त्या टोकाला ओटा. मध्ये भिंत नाही. म्हणजे," त्याने वहीत लिहायला सुरुवात केली, "प्रतिवादीने मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम काढून जागा मूळ स्थितीत आणली आहे."

सावे वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या तोंडात ढोकळा होता.

"मग ती भिंत बांधली कोणी?" कमिशनरने विचारलं.

"मीच की!" नामदेव मिस्त्री आनंदाने पुढे आला. इतक्या वर्षांत त्याच्या कामाची अशी चौकशी कोणी केली नसावी. "ह्यांचे सासऱ्यांनी सांगलेला, नामदेव, पावन्यांना चूल दिसाला नको, मधी भित घाल. मंग मी घातली. आनि पाडली पन मीच. माझीच भित हाय ती!"

मी ह्यांचा दंड धरला. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतो, तर तू वकिलांना बोलू द्या म्हणालीस."

इथे प्रकरण थांबलं असतं तरी माझी काही अब्रू शिल्लक राहिली असती. पण तो मुलगा कामाचा चोख! त्याने टेप काढून हॉलची लांबी मोजली. पुन्हा मोजली. मग डोकं खाजवलं. "नकाशात चौदा फूट आहे. इथे बारा भरतायत. दोन फूट गेले कुठे?"

सगळे जण जमिनीकडे बघू लागले, जसे काही ते दोन फूट कपाटाखाली घरंगळले असावेत. आणि नामदेव मिस्त्रीचा चेहरा पुन्हा उजळला.

"त्या भितीला आपुन सरकवली ना!" त्याने समोरच्या भिंतीवर प्रेमाने थाप मारली. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. भुवया उडवल्या. मान हलवली.

"डोल्यात काय गेला काय वैनी?" त्याने काळजीने विचारलं, आणि मग कमिशनरकडे वळून, "तवा दोनी घरा ह्यांचीच होती, ही खोली रिकामीच होती. ह्यांचे लोखंडी कपाटाचा दरवाजा उघडत नव्हता. मंग सासरे बोलले, नामदेव, भित दोन फूट तिकरं सरकव. सरकवली!"

"त्या भिंतीच्या पलीकडे कोण राहतं?" कमिशनरने विचारलं.

हंसाबेनने ओढणी तोंडाला लावली होती. तिचे खांदे हलत होते.

"आम्ही," मी म्हटलं.

मग सगळी मिरवणूक आमच्या बेडरूममध्ये. कमिशनरने लोखंडी कपाटाचं दार उघडलं. अगदी ऐसपैस उघडलं! त्याने वहीत लिहिलं. सावे वकील अचानक फोन आल्यासारखे जिन्यात गेले, ते परत आलेच नाहीत. मी चोवीस वर्षं भाडेकरूच्या दोन फुटांत झोपत होते, आणि भाडेकरूने फेरफार केले म्हणून तिला बाहेर काढायला निघाले होते!

पुढच्या तारखेला न्यायाधीश मॅडमनी अहवाल वाचला. मध्येच चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "वादीचे वकील, ह्या अहवालाप्रमाणे जागेत फेरफार करणारी व्यक्ती कोण?"

"मॅडम, ती व्यक्ती आता हयात नाही," सावे वकील म्हणाले.

"आणि त्या दोन फुटांत सध्या कोण राहतं?"

"माझे अशील."

"मग हा दावा कोणी कोणावर लावायचा होता?"

सावे वकिलांनी फाइल झटकली. थोडं पीठ उडालं. "दावा मागे घेण्याची परवानगी असावी," ते म्हणाले.

तेवढ्यात हंसाबेनची वकीलबाई उसळून उठली. "मॅडम, आमच्या अशिलाचे दोन फूट..." हंसाबेनने मागून तिचा काळा कोट ओढला. "बेसो ने, बेटा!" आणि स्वतः उभी राहिली. "मॅडमसाहेब, दोन फूट राहू द्या. तिकडे ह्यांचं कपाट आहे. एवढं मोठं कपाट आता कुठे नेणार?"

मला तिथेच रडू आलं. शांत स्वभावाची बाई म्हणून मी शपथेवर नोंदलेली असताना भर कोर्टात हुंदके देत होते. मॅडमनी शिपायाला सांगून मला पाणी दिलं आणि दावा निकालात काढला.

परतीच्या बसमध्ये मी तिचा हात धरला. "हंसाबेन, चुकले हो मी. मंदारच्या लग्नासाठी घर हवं होतं. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही."

"एवढंच होतं तर बोलायचं ने, सुलभाबेन!"

"बोलले असते तर सोडलं असतंत घर?"

"ना रे!" ती म्हणाली. "पण बोलायचं तरी."

आता राहिला माझा शब्द. त्या रविवारी मी मंदार आणि केतकीला समोर बसवलं. काळजावर दगड ठेवून सांगितलं, की फ्लॅट रिकामा होत नाही, कधी होणारही नव्हता, बैठकीत मी थाप मारली, आता तुम्ही काय तो निर्णय घ्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आई," मंदार म्हणाला, "आम्ही बेव्हर्ली पार्कला भाड्याने एक घर ठरवलंय. तीन महिने झाले. केतकीच्या आईलाही माहीत आहे."

"तीन महिने! मग त्या दर रविवारी फोन का करत होत्या?"

"केस कुठपर्यंत आली ते विचारायला," केतकी म्हणाली. "आईला फार इंटरेस्ट आला होता."

"आणि मला कोणीच का नाही सांगितलं?"

"तू तारखांमध्ये इतकी रमली होतीस," मंदार म्हणाला, "की मन होईना."

"पण शेजारचा फ्लॅट मिळाला असता तर तुम्ही..."

"आई," केतकी अतिशय नम्रपणे म्हणाली, "शेजारचा फ्लॅट म्हणजे... फारच शेजारी होतो हो."

आमचे हे त्या वर्षात पहिल्यांदाच खळखळून हसले. मला आधी राग आला, मग वाईट वाटलं, आणि मग मी हंसाबेनकडे जाऊन तिच्या ओपन किचनमध्ये बसून तिला सगळं सांगितलं. ती रोटली वणत होती, टीव्ही चालू होता. खरंच दिसतो हो तिथून टीव्ही.

लग्न थाटात झालं. अंगठीवाल्या मावशीने मांडवात सगळ्यांना माझी ओळख 'त्या कपाटवाल्या' अशी करून दिली, तेही मी गोड मानून घेतलं. आठवड्याने मुलांचं घर बघायला आम्ही बेव्हर्ली पार्कला गेलो. छान, हवेशीर जागा. मी खोल्यांमधून फिरले आणि स्वयंपाकघरापाशी थबकले.

"ही भिंत इथे कशाला? हॉल किती अंधारा झालाय! पाडून टाका! मिस्त्री मी पाठवते, एका दुपारचं काम आहे."

"आई..." मंदार खाकरला.

"आई काय? हवा खेळेल, उजेड येईल, पोळ्या लाटता लाटता टीव्ही दिसेल!"

"आई, मालकांना विचारायला लागेल," केतकी घाईघाईने म्हणाली.

"त्यांना कोण सांगतंय!" मी म्हटलं. "मालकांना काय कळतं? भिंती आपल्या तिथेच आहेत का, हे कोण बघायला जातं?"

बाथरूमचं दार उघडलं. गळका नळ दुरुस्त करायला आलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ हातात पाना घेऊन बाहेर आले.

"आई," मंदार म्हणाला, "हे आपले मालक."

मी पदर सावरला, त्यांना वाकून नमस्कार केला, आणि त्या भिंतीवरून मायेने हात फिरवत म्हटलं, "काय सुंदर भिंत आहे हो तुमची! आत्ताच मुलांना बजावत होते, हिला खिळासुद्धा लावू नका!"